दळवी काकांचे लाल चेहरे

आमच्या लालबागच्या चाळीतले दळवी काका देवाला फूल वाहावं तितक्या नेमाने रोज सकाळी वॉर्ड ऑफिसात जात आणि तिथल्या एका स्क्रीनवरचा लाल, रडका चेहरा दाबून येत. हिरवा चेहरा म्हणजे सेवा उत्तम, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे वाईट. वर लिहिलेलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' हे वाक्य खरं मानणारे मुंबईत ते एकटेच असावेत.

कारण होतं चाळीच्या दारातल्या गटाराचं झाकण. ते चोरीला गेलं. पूर्वी अशा वेळी काका मुकादमाला हाताला धरून आणत, दोन शिव्या देत, चहा पाजत आणि झाकण बसे. आता तक्रार ॲपवरच करायची. त्यांच्या फोनवरून ती मी केली. लवकरच उत्तर आलं: तक्रारीचं निवारण झालं आहे. सोबत फोटो. झाकण नवंकोरं, गल्ली भलतीच. आमच्या गटारात कुणी पडू नये म्हणून काकांनी झाडाची फांदी खोचली आणि थेट वॉर्ड ऑफिस गाठलं.

"नोंद झाली पाहिजे," हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी नोंद. पुढे पुढे ते सगळ्यांनाच चेहरे देऊ लागले. माझ्या आईच्या बांगड्याच्या कालवणाला पिवळा, वरच्या मजल्यावरच्या जावयाला लाल. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बोलते कमी. माझ्या मराठीलाही त्यांनी दया म्हणून पिवळा दिला होता.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. स्क्रीनशेजारच्या खिडकीत कंत्राटावरची एक मुलगी बसायची. फांदी आहे का अजून, असं विचारून तिने काकांना पंख्याखालची खुर्ची दाखवली. तक्रार पुन्हा उघडून दिली. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं. काका तिच्याशी बोलत बसले, गटारावरून गावच्या फणसापर्यंत पोचले. घरी कुणाशी ते इतकं बोलल्याचं मला आठवत नाही; घरी कुणी नव्हतंच. उठताना त्यांनी लाल चेहरा दाबला. तिने ते पाहिलं.

गेल्या महिन्यात ती खिडकी बंद झाली. वॉचमनने काकांना सांगितलं की लाल चेहरे फार झाले म्हणून पोरीला काढली. चेहरे सगळे तिच्याच नावावर जात होते. झाकणाशी किंवा ॲपशी त्यांचा काही संबंध नव्हता. तिच्या जागी आता बोलणारं मशीन होतं.

काका तिथेच उभे राहून हिरवा चेहरा दाबू लागले. दाबतच राहिले. शेवटी वॉचमनने त्यांचा हात धरला.

"काका, आता हिरवा दिलात तर तो मशीनला जातो."

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. माझ्या हापिसात एखादी पोरगी लागते का, असं त्यांनी विचारलं. कामाला बरी आहे, माणसाशी नीट बोलते, म्हणाले. मी एचआरला विचारते म्हटलं, फोन काढला आणि तिचं नाव विचारलं.

काकांनी माझ्या फोनकडे बघितलं.

"नाव कधी विचारूकच नाय गो," ते म्हणाले. "मी आपला बाय म्हणायचो. तिका माझा नाव म्हायत होता."