डबीतली वेबसाइट

"रथसप्तमीपर्यंत हजार बायका माझ्या साइटवर आल्या नाहीत ना, तर नाव बदलीन," मृणालिनीने नवऱ्याला बजावलं.

नाव बदलायची भाषा तिने करायला नको होती, कारण नाव घेणं हाच तिचा धंदा होता. विम्याच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून तिने 'नाव घे गं' ही वेबसाइट काढली होती. नवऱ्याचं नाव टाका, प्रसंग टाका, उखाणा हजर. लग्नाचा, डोहाळजेवणाचा, नवऱ्यावर चिडला असाल तर त्याचाही. सगळे उखाणे ती स्वतः रचायची, गिरगावातल्या दोन खोल्यांत, एक कान कुकरच्या शिट्यांकडे ठेवून. त्यातला हा तिचा सगळ्यात लाडका:

येताना दूध आणा म्हटलं, आणली नुसती कोथिंबीर,
सौमित्ररावांचं नाव घेते, धरून मनाचा धीर.

सौमित्ररावांना तो फारसा आवडला नव्हता. पण प्रसंग खरा असल्यामुळे त्यांना बोलताही येत नव्हतं.

सुरुवातीला साइटवर बायकांची रीघ लागायची. सर्च इंजिनात 'उखाणा' टाकलं की मृणालिनी पहिली. मग एके दिवशी सर्च इंजिनालाच उखाणे यायला लागले! विचारलं की तेच वरच्या वर दहा उखाणे हातात ठेवायचं. मग खाली उतरून मृणालिनीचं दार वाजवणार कोण? पाहुणे आटत आटत दोनावर आले. एक ती स्वतः, दुसरा सौमित्र. तो बिचारा साइट चालू आहे की बंद पडली हे बघायला यायचा.

तेव्हापासून नवऱ्याचं नाव दिवसातून दहा वेळा घेणारी ही बाई त्या सर्च इंजिनाचं नाव मात्र घेईना. त्याला 'तो मेला' म्हणायची.

त्यात सौमित्रची मोठी बहीण आरोहीताई. दादरला तिचा कोचिंग क्लास होता आणि रिसेप्शनची खुर्ची रिकामी होती. "रथसप्तमीपर्यंत बघ," ती फोनवर प्रेमाने म्हणाली होती, "नाहीतर सोमवारपासून माझ्याकडे बस. घरचं माणूस कसं, विश्वासाचं." नणंदेच्या क्लासमध्ये नणंदेच्याच समोर दिवसभर बसायचं, या विचाराने मृणालिनी लगेच नवे उखाणे रचायला बसायची.

"मग आता बायका आणणार कुठून?" सौमित्रने विचारलं.

"हळदीकुंकवातून. अरे, गिरगावात गोष्ट पसरवायला तो मेला कशाला लागतो? पन्नास बायका पुरेत. एकेकीने वीस जणींना सांगितलं की झाले हजार."

भुलेश्वरला जाऊन तिने नाजूक नक्षीच्या डब्या आणल्या. साइटचा पत्ता छापलेली चिठ्ठी प्रत्येक झाकणाला चिकटवली. आतून.

"बाहेरून चिकटव की," सौमित्र म्हणाला.

"वाणावर जाहिरात? बायका काय म्हणतील?"

वर तिने प्रत्येक डबी चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळली आणि त्यावर हिरव्या रिबिनीची स्वतःच्या हाताची खास गाठ मारली. डब्या अशा दिसत होत्या की सौमित्रलाही एक आपल्याला मिळावीशी वाटली.

हळदीकुंकू झोकात झालं. "काय सुंदर वाण गं!" म्हणत बायका डब्या घेऊन गेल्या. उशिरा आलेल्या दोघींना डब्या उरल्या नाहीत, पण मृणालिनी अडणारी नव्हती. कपाटात मागच्या वर्षी मिळालेल्या वाणांची पिशवी होती, त्यातल्या दोन साबणाच्या डब्या तिने हसतमुखाने पुढे केल्या. सगळ्याच घरांत अशी पिशवी असते. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही इतकंच.

रात्री तिने साइट उघडली. पाहुणे दोन.

"आज दमल्या असतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही दोनच. तिसऱ्या दिवशी मात्र परळहून मावशीचा फोन आला. "अगं, शेजारच्या हळदीकुंकवात इतकी गोड डबी मिळाली. हिरवी रिबीन."

"बघ!" मृणालिनी सौमित्रला म्हणाली. "गिरगावातून परळला पोचली. पसरतंय."

पाठोपाठ डबी कॉटन ग्रीनला दिसल्याची बातमी आली, मग लालबागला. मृणालिनीचा उत्साह मावेना. सौमित्रने फक्त एवढंच विचारलं, की सगळीकडे पसरतंय तर पाहुणे दोनच कसे?

उत्तर करी रोडला मिळालं. जुन्या ऑफिसातली मैत्रीण शेफाली तिथल्या टॉवरमध्ये राहायची. तिच्या हळदीकुंकवात टेबलावर मृणालिनीच्या तीन डब्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"कुठून आणल्यास गं?" मृणालिनीने जपून विचारलं.

"ह्यांनी शोधून शोधून आणल्या," शेफाली म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

"छान आहेत. उघडून बघू या ना आत काय आहे."

"वेडी का तू? वाण चारचौघींत उघडतात?"

"मग घरी गेल्यावर तरी उघडतात ना?"

यावर शेजारच्या बाईंनी तिच्याकडे कीव करत पाहिलं. "पॅक फोडल्यावर पुढे कोणाला देणार?"

मृणालिनीला आता उलगडा झाला. तिच्या पन्नासच्या पन्नास डब्या दक्षिण मुंबईभर फिरत होत्या आणि एकीचंही झाकण उघडलं गेलं नव्हतं. तिने धीर करून समोरच्या डबीची गाठ ओढली. टर्रकन कागद फाटला आणि सगळ्या बायकांच्या माना वळल्या.

"मृणाल, अगं हे काय केलंस?" शेफाली रडकुंडीला आली. "आता ही मलाच वापरावी लागणार!"

मृणालिनीने घाईघाईने चिठ्ठी दाखवली. शेफालीने ती न वाचताच काढून टाकली. डबीत लवंगा बऱ्या राहतील, असं ती म्हणाली.

रथसप्तमीला आरोहीताईकडे जाणं भाग होतं. सकाळी साइटवर पाहुणे दोनच होते. दादरच्या तिच्या हॉलमध्ये बायकांनी आरोहीताईला नाव घ्यायचा आग्रह केला. आरोहीताईने लाजल्यासारखं केलं, पदराआड फोन बघितला आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"येताना दूध आणा म्हटलं, आणली नुसती कोथिंबीर,
हर्षवर्धनरावांचं नाव घेते, धरून मनाचा धीर."

हॉल हसून हसून लोळला. एकीने तर दोनदा म्हणायला लावलं. मृणालिनीचे डोळे भरून आले. आपला उखाणा दादर गाजवत होता. आनंद व्हावा की गळा काढावा, तिला कळेना.

"ताई, कुठे मिळाला हो?"

"अगं फोनला विचारलं, वरच आला. तू उगाच ती साइट घेऊन बसलीस. फुकट मिळतंय सगळं." आरोहीताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारी नऊला ये. आणि थांब, तुझ्यासाठी खास वाण ठेवलंय. असं नाजूक हल्ली मिळत नाही."

कागदावर गिरगाव ते दादर वाटेतल्या सगळ्या बायकांची हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. हिरवी रिबीन मात्र तशीच होती, आणि गाठ तिच्याच हातची.

घरी आल्यावर सौमित्रने डबी ओळखली. बायकोचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं.

"उघड तरी," तो म्हणाला. "चिठ्ठी वाचून एक बाई साइटवर गेली, असं तरी होईल."

मृणालिनीने डबी हातात घेतली. गाठीवर बोट ठेवलं. मग ओल्या फडक्याने कागद स्वच्छ पुसला आणि कपाट उघडून डबी त्या पिशवीत ठेवली.

"पॅक आहे रे अजून," ती म्हणाली. "पुढच्या संक्रांतीला होईल."