पोलाद-रुप्याच्या पाटल्यांची हकीकत

श्रीअग्निनारायण साक्ष. शके सोळाशे पंच्याण्णव, विजय नाम संवत्सर, माघमासी एका राज्यात लोखंड राजकन्येच्या हाती चढले, ती हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहिली असे.

राज्य थोर, परंतु सोन्याची खाण नाही. लोखंड मात्र डोंगरोडोंगरी उदंड. राजकन्येचे लग्न ठरले आणि राणीसाहेब बोलिल्या, "पाहुण्यांचे सोने पाहुण्यांपाशी राहो. आमची लेक आमच्या डोंगराचे लोखंड लेवून जाईल." नवरीचे अंगी लोखंड कोणी स्वप्नीही पाहिले नव्हते. मग रायाजी लोहार, जो तलवारीची पाती घडवी, पुढे होऊन बोलिला, "सरकार, पोलाद, मऊ लोखंड आणि रुपे थरावर थर बसवून पाटल्या घडवितो. थरांच्या लहरी दिसतील." तेव्हां अंबादास पोतदार, जे दागिन्यांवर कसाचा ठसा मारीत, पोट धरून हसले आणि बोलिले, "अरे, तुला फाळ ठोकणे ठावे, पाटल्या कसल्या घडवतोस! फसलास तर ऐरण वेशीबाहेर आणि तू तिच्यामागे." राणीसाहेबांनी लग्नाच्या आदल्या दिवशीच्या दरबारापर्यंत मुदत देऊन पैज मान्य केली, आणि रायाजीने भरल्या दरबारी विडा उचलिला, आणि घरी येऊन आधी ऐरणीवरून हात फिरविला; ऐरण आज्याची होती आणि दुसरे काही त्यास येत नव्हते.

पहिले खेपेस त्याने सवयीप्रमाणे भाता दणकावून चालविला, तो लोखंड जोडास येते न येते तोच रुपे पाणी होऊन राखेत गेले. मग येसूबाई सोनारीण, जी नवऱ्यामागे घरीच चांदी घडवी, तीस बोलाविले. ती म्हणाली, "अरे बाबा, ही तलवार नव्हे. रुप्याला चटका नको, ऊब दे." मग लोखंड आणि पोलाद अगोदर मोठ्या आंचेने जोडिले आणि ठोकून पातळ पत्रे केले, आणि घासून लख्ख करून, बोटही न लाविता, मध्ये रुप्याचे पत्रे घातिले, आणि जोड धरावा म्हणून सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून चिमट्यात आवळिले, आणि मंद निखाऱ्यांवर प्रहरभर राखिले, थर एकजीव जाहले. मग पीळ दिला, कानस मारिली, पाटल्या वळविल्या आणि घोटून पाहतात तो सर्व सारखेच पांढरे! एक थर दिसेना. दरबारास दोन घटका उरल्या. रायाजीने कानस फेकून दिली.

इतक्यात येसूबाईने, दागिना घडला की चिंचेच्या कढत पाण्यात, ही जन्माची सवय, दोन्ही पाटल्या पाण्यात सोडिल्या. रायाजी ओरडला, "काकी, घात केलात! लोखंड कोणी चिंचेत घालतं?" ती जीभ चावून म्हणाली, "अगंबाई! हात आपोआप गेला रे." त्याने झडप घालून पाटल्या काढिल्या, आणि पाहतो तो पोलाद काळेभोर, मऊ लोखंड राखी, रुपे शुभ्र, आणि लहरीवर लहर उठलेली, जैसा तळ्यावर वारा. रायाजी रडला आणि हसला आणि म्हातारीच्या पाया पडला. मग वरून मेण चोळून दोघे दरबारी धावली.

राणीसाहेबांनी पाटल्या स्वहस्ते लेकीस चढविल्या. राजकन्येने हात फिरवून फिरवून पाहिला आणि बोलिली, "आईसाहेब, आता सोने नकोच." नगारे झडले. पोतदारांचे तोंड उतरले, तरी हट्ट सुटेना. बोलिले, "सरकार, ठशावाचून दागिना दागिना नव्हे."

"मग मारा ठसा," राणीसाहेब बोलिल्या.

पोतदारांनी पाटली मागून घेतली, सोन्यावर मारावयाचा आपला मऊ ठसा पोलादाच्या थरावर ठेविला, हातोडी हाणिली. तो पाटलीवर ओरखडा नाही आणि ठशाचेच तोंड चेपले! पुन्हा हाणिली, पुन्हा तेच. दरबार खदखदून हसला. राणीसाहेब बोलिल्या, "पोतदार, पोलादावर उठेल ऐसा ठसा करवून आणा. उद्या लग्न आहे." आणि तैसा ठसा घडविणारा अवघ्या राज्यात एकच होता.

मग पोतदार पागोटे सावरीत लोहारआळीत गेले, आणि ऐरणीपाशी उभे राहिले, आणि बोलिले, "रायाजीराव, एक ठसा घडवून द्यावा."

"बसा पोतदार," रायाजी बोलिला आणि भाता ओढू लागला.

एवंच पाटल्यांवर ठसा उठला, लग्न थाटाने लागले आणि ऐरण तसूभर हलली नाही. लिहिणारास हे लिहिताना परम संतोष जाहला असे.