राजफळ झालेलं संत्रं

एका जंगलात एक सिंह होता आणि त्याला फळांतलं सगळं काही कळायचं. मुलांनो, त्याने जन्मात एकही फळ खाल्लं नव्हतं. हसू नका. खाणाऱ्याला आवडनिवड असते, न खाणारा निःपक्षपाती असतो. मोठ्या जागेवर बसवताना हे बघावंच लागतं.

त्याच जंगलात ओढ्याकाठी सगुणा नावाची वानरी राहायची. तिचं एक संत्र्याचं झाड होतं. लहानपणी तिने थुंकलेल्या बीमधून ते उगवलं होतं, पण पुढची बारा वर्षं मात्र तिने खरी मेहनत केली. उन्हाळ्यात करवंटीने पाणी घातलं, खोडातली अळी नखाने काढली. थंडी पडली की झाड असं लगडायचं की बघत राहावं. साल नुसती ओढली की सुटायची आणि रस कोपरापर्यंत ओघळायचा.

सगुणाने जंगलातली सगळी मोसंबी, पपनसं, लिंबं चाखली होती. डोळे मिटून फोड तोंडात टाकली तरी ती झाड कोणतं ते सांगायची. पण तिला विचारतो कोण? हे तिच्या मनाला फार लागायचं. आपल्या संत्र्याला चारचौघांत कुणीतरी मोठ्याने ‘वा’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या शेजारी बुधाजी नावाचं साळिंदर राहायचं. त्याचं ईडलिंबाचं झाड होतं. कुणी झाडाखाली रेंगाळलं की बुधाजी हात जोडायचा. “नको रे बाबा! कडू जहर आहे. गेल्या साली एक ससा खाऊन दोन दिवस आडवा होता.”

असा ससा कधी नव्हताच. बुधाजी स्वतः मात्र रोज दुपारी ईडलिंबाची फोड मिठाला लावून खायचा आणि बराच वेळ डोळे मिटून बसायचा.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. जंगलात फळमहोत्सव होणार. संत्री, मोसंबी, पपनसं, लिंबं, सगळी चाखून त्यांतलं एक ‘राजफळ’ ठरवलं जाणार. कार्यवाह होते हसमुखराव तरस. परीक्षक दोन, अस्वल आणि रानडुक्कर. अध्यक्ष अर्थातच सिंह.

सगुणाचा आनंद पोटात मावेना. ती पळत बुधाजीकडे गेली.

“बुधाजीभाऊ, आता कळेल सगळ्यांना!”

“कळून काय करायचंय बाई?” बुधाजी म्हणाला. “झाड तुझं, संत्रं तुझं, जीभही तुझीच. चौथा कशाला हवा?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

“नसेल कळत,” असं म्हणून बुधाजीने फोडीला मीठ लावलं.

महोत्सवाचा दिवस उजाडला. पानांवर फळं मांडली होती. सगुणाने मांडणी बघितली आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात पहिलं पान होतं हसमुखरावांच्या मोसंबीचं, आणि ती मोसंबी रात्रभर मधात बुडवून ठेवलेली होती.

“साहेब, क्रम चुकलाय,” सगुणा म्हणाली. “आधी आंबट द्यायचं, मग गोड. एकदा मध जिभेला लागला की मागचं सगळं आंबटच लागतं.”

हसमुखराव हसले. ते नेहमीच हसायचे. “क्रम चवीप्रमाणे नसतो बाई, मानाप्रमाणे असतो. आजवर असंच चालत आलंय.”

हा पहिलाच महोत्सव होता.

अस्वलाने मोसंबी तोंडात टाकली आणि त्याच्या डोळ्यांत ओळखीचं पाणी आलं. “घरची आठवण झाली,” ते म्हणालं. रानडुकराने साल, बिया आणि खालचं पान, सगळं खाल्लं आणि “परिपूर्ण” असा शेरा दिला.

मग सगुणा म्हणाली होती तसंच झालं. पपनस आंबट लागलं. दुसरी मोसंबी आंबट लागली. एका म्हाताऱ्या माकडाची संत्री तर परीक्षकांनी थुंकूनच टाकली. ते बिचारं आपली टोपली उचलून मुकाट्याने निघून गेलं.

बुधाजीला जबरदस्तीने आणलं होतं. तो पुढे होऊन म्हणाला, “महाराज, माझं ईडलिंबू चाखू नका. दात आंबतील, उद्या शिकार चावणार नाही.” सिंहाने घाईघाईने त्याला शेवटचा नंबर देऊन टाकला. बुधाजी अगदी पडलेलं तोंड करून मागे आला.

आता सगुणाची पाळी. बारा वर्षांची मेहनत मधाच्या एका थेंबापायी वाया जाणार होती. तेवढ्यात तिला युक्ती सुचली. तिने बुधाजीचं ईडलिंबू उचललं आणि त्याच्या दोन फोडी परीक्षकांपुढे धरल्या.

“आधी हे. जीभ साफ व्हायला. मोठ्या ठिकाणी असंच करतात.”

मोठ्या ठिकाणी असंच करतात म्हटल्यावर दोघांनी फोडी लगेच तोंडात घातल्या. अस्वलाचा एक डोळा मिटला. रानडुकराच्या पाठीवरचे केस उभे राहिले. त्यावर सगुणाने संत्रं दिलं.

“वा!” अस्वल ओरडलं. “वा, वा, वा!” रानडुक्कर तर रडायलाच लागलं. सिंहाने संत्रं दुरून हुंगलं आणि जाहीर केलं, “मला पहिल्यापासून हेच वाटत होतं.”

सगुणाचं संत्रं राजफळ ठरलं. तिला पळसाच्या पानावर लिहिलेलं मानपत्र मिळालं. ती रडली. खरंच रडली, मुलांनो, कारण तिला हवा होता तो ‘वा’ मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्याहारीला झाडाशी गेली, तर भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि दारात लांडगा.

“परवाना?” लांडग्याने विचारलं.

“अरे, माझं झाड आहे हे.”

“होतं. आता ते जंगलाचा अभिमान आहे. फळ फक्त महाराजांसाठी.”

“पण महाराज फळ खातच नाहीत!”

“म्हणून तर पुरून उरतंय,” लांडगा म्हणाला.

ती हसमुखरावांकडे गेली. ते हसले. वर्षातून एकदा कुंपणाबाहेर उभं राहून ‘मी आणि माझं संत्रं’ यावर चार शब्द बोलायला तिला बोलावू, असं त्यांनी कबूल केलं. येण्याजाण्याचा खर्च तिचा.

थंडी सरली. संत्री पिकली, गळली, कुजली. ओढ्यापलीकडून वास यायचा. अळीने खोड पोखरलेलं सगुणाला लांबूनच दिसत होतं, पण आत जाऊन नख लावायची तिला बंदी होती.

एका दुपारी ती बुधाजीच्या झाडाखाली येऊन बसली. बुधाजीने ईडलिंबाची फोड कापली, मीठ लावलं आणि तिच्या हातात दिली.

सगुणाने ती चोखली. आंबट, मग किंचित कडू, आणि मग मागून गोडवा आला. तिचे डोळे मिटले. बारा वर्षं सगळं चाखलं, पण शेजारचं हे एवढं नीट कधी चाखलं नव्हतं.

तेवढ्यात वाटेवरून हसमुखराव येताना दिसले.

“काय सगुणाबाई, कसं लागतंय?”

सगुणाने तोंड वाकडं केलं आणि जोरात थुंकली. “कडू जहर! हे झाड इथे ठेवलंय तरी कशाला?”

हसमुखराव हसत निघून गेले. ते वळणाआड गेले. मग सगुणाने हात पुढे केला.

“बुधाजीभाऊ, अजून एक फोड द्या.”

तात्पर्य : द्राक्षं आंबट आहेत असं जगाला सांगत फिरणाऱ्या कोल्ह्याला हसण्याआधी वेल कुणाची आहे, याची चौकशी करावी.