कॅलेंडरातले गोल

अभिमन्यूने ऑफिसात मोबाईलवर एक लेख वाचला आणि दुपारचं टपाल तसंच पडून राहिलं. पाळीच्या चक्रातल्या ठरावीक दिवसांत म्हणे बायकांना रुंद खांद्यांचे, भरल्या छातीचे पुरुष आवडतात. एरवी मवाळ माणूसही चालतो. अभिमन्यू बारा महिने मवाळ होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि ऋतुजाने आपल्याकडे पुन्हा एकदा डोळे भरून पाहावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

घरी आल्यावर त्याची नजर कॅलेंडरवर गेली. ऋतुजाने सहा तारखांना पेन्सिलने गोल केले होते. लेखात तर महिन्यातून एकदाच असं होतं. आपली बायको पहिल्यापासून उत्साही, असं म्हणून त्याने शास्त्राला माफ केलं.

पुढच्या गोलाला त्याने वीस जोर काढले, तंग बनियन घातलं आणि छाती काढून दारात उभा राहिला. ऋतुजा बघतच राहिली.

"आज लई तरतरीत दिसताय की," ती म्हणाली आणि त्याच्या हातात घागर दिली. "एवढं गच्चीवरच्या टाकीत वतून या."

तो ढगातून चालावं तसा जिना चढला. सोळाव्या घागरीनंतर तिने पदराने त्याचा घाम टिपला. त्या दिवशी ऑफिसात तो खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत नुसता बसून होता.

दोन गोल असे सुखात गेले. तिसऱ्यासाठी त्याने डंबेल्स आणले आणि पहिल्याच उचलीला पाठीत उसण भरली.

"माफ कर," बाम चोळून पडल्या पडल्या तो म्हणाला. "आज तुला खांदे लागणार, मला म्हाईत हाय. ते गोल... तुझे ते दिवस."

ऋतुजाने कॅलेंडरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून खालीच बसली.

"अवो, ते नळाला पाणी यायचे दिवस हायत. दर पाचव्या दिवशी येतंय की."

अभिमन्यू ढगातून थेट गादीवर आला. म्हणजे ते बघणं, घाम टिपणं, सगळं घागरींसाठी. त्याला फार वाईट वाटलं.

"मग मी तुला कुठल्या दिवशी आवडतो?"

तिचं हसू थांबलं. "गोल न्हाय त्या दिवशी. तुमी निवांत शेंगा सोलत माझ्याशी बोलत बसता तवा. पाण्याच्या दिवशी तुमच्याकडं बगायला येळ कुटं असतोय?"

तेवढ्यात नळ खळखळला आणि ती घागर घेऊन पळाली. अभिमन्यू पडल्या पडल्या मोजत राहिला. तिसातून सहा गेले, चोवीस उरले.

डोळा लागून उघडला तेव्हा उशाशी शेंगांचं ताट होतं, ऋतुजा पलंगाच्या कडेला बसली होती आणि कॅलेंडरवरचा आजचा गोल कुणीतरी खोडरबराने पुसला होता.