चित्र साफ शे ना?

पाचोऱ्याचे आमचे केबलवाले नजीरभाई फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या त्यांच्या अहिराणीत थेट विचारतात, "भाऊ, चित्र साफ शे ना?"

त्यांचं सगळं जगच पडद्यावर चालतं. मोतीबिंदूची पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? हे म्हणाले, "साफ शे, पण जरासं डावीकडे सरकेल शे."

गावच्या चॅनलवर दुपारचा सिनेमा तेच निवडत. दहावीची परीक्षा आली की सिनेमा बंद. "पोरे अभ्यासले बठेल शेतस!" आमच्या गल्लीत कुणी वारलं, तर अख्ख्या पाचोऱ्याला आठवडाभर विनोदी सिनेमा मिळत नसे. स्टेशनापलीकडचे लोक चिडून विचारायचे, "अजून कोण गेलं बुवा?"

मग घरोघरी इंटरनेटवरचे सिनेमे आले. आमच्याकडेही मुलानं नवा टीव्ही लावला, आणि केबलचा डबा माळ्यावर गेला. नजीरभाईंना हे सांगायची मला लाज वाटली. पूर्वी ते गावभर फोन करत, हल्ली बहुधा मलाच. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला.

"साफ शे ना?"

"एकदम साफ."

"आवाज?"

"आवाजही फक्कड."

मी फारसं बोलणारा माणूस नाही, पण हे खोटं अगदी सराईतपणे बोलायचो. फोन ठेवल्यावर मात्र चहा गोड लागत नसे.

ईदेला त्यांच्याकडे शीरखुर्मा खायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "नजीरभाई, कालचा सिनेमा छान होता."

भाभी हसल्या. "कालचा? चॅनल, केबल सगळंच दिवाळीला बंद केलं ना, भाऊ! गच्चीवरच्या डिशमध्ये मी आता पापड वाळवते."

माझा चमचा वाटीतच राहिला. वर बघायची हिंमत होईना. नजीरभाईंनी माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली आणि म्हणाले, "खा भाऊ, गार व्हई जाई."

म्हणजे दिवाळीपासून ते नसलेल्या चित्राची चौकशी करत होते, आणि मी ते साफ असल्याचं सांगत होतो.

आता फोन यायचा नाही, असं धरून चाललो होतो. पण दिवेलागणीला वाजलाच.

"भाऊ, चित्र साफ शे ना?"

मी म्हटलं, "नाही, नजीरभाई. काहीच दिसत नाही. घरी येऊन बघता का?"



"मी येस ना, भाऊ," ते म्हणाले. "पक्कड बी संगे लई येस."