मर्सा नजीम बंदरातलं एकमेव प्रदूषण

समुद्राचं प्रदूषण दोन प्रकारचं असतं : नोंदलेलं आणि न नोंदलेलं. पैकी दुसरं अस्तित्वात नसतं. लाल समुद्रावरच्या मर्सा नजीम बंदरात, प्रदूषण-प्रतिबंधक कचेरीचा मुख्य कारकून म्हणून मी एकोणीस वर्षं याच तत्त्वावर काम करतो आहे.

कायदा फार विचारपूर्वक केलेला आहे. जहाजाने सोडलेल्या पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे पंधरा भाग चालतात. सोळावा भाग गुन्हा. (हा फरक माशांना कळत नाही, पण मासे शिकलेले नसतात.) उरलंसुरलं अन्न किनाऱ्यापासून तीन मैलांवर टाकायचं तर बारीक करून टाकावं लागतं, बारा मैलांपलीकडे अख्खं चालतं. आणि मोठ्या जहाजावर तेलाची नोंदवही लागतेच. तेल कुठे गेलं ते जहाजवाले स्वतःच लिहितात, सही करतात. आम्ही वही तपासतो. समुद्र तपासत नाही, कारण समुद्रावर कुणाची सही नसते.

गेल्या वर्षी १,२१४ जहाजं तपासली. समुद्रात सांडलेलं तेल : शून्य. वहीवर सांडलेला चहा : सहा वेळा (पैकी पाच वेळा आमचाच).

अशा या स्वच्छ बंदरात अवदल्ला नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने एके सकाळी डांबराने काळं झालेलं जाळं माझ्या टेबलावर आणून टाकलं. मला टेबलाचं फार वाईट वाटलं.

"हे काय आणलंत, काका?"

"तुमचं शून्य," तो म्हणाला. "आठ दिवस रोज हेच लागतंय जाळ्याला. शऊर मासा वर्षातून एक महिना मिळतो, उस्ताज. आता डांबर तळून घालू का पोरांना?"

आमचे निरीक्षक रिफ्कीसाहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. माणूस मनाने चांगला. "कोणत्या जहाजाचं आहे, काका? नाव आहे का यावर? नाही ना? मग असं करा, तुम्हीही वही ठेवा. रोज जे घडेल ते लिहा. लेखी पुरावा आणा, मग बघतो एकेकाकडे."

लहान होडीला वहीची सक्ती नाही. (मनाईही नाही.) अवदल्ला सांगायचा, सून लिहायची, खाली तो अंगठा उठवायचा. आणि एकोणीस वर्षांत कुठल्या जहाजवाल्याने केली नव्हती ती चूक त्याने केली : घडलं ते लिहिलं. "रविवार. जाळ्याला डांबर. वाळूने घासलं, समुद्रात धुतलं. सोमवार. तेच. पायाला लागलं, पायही धुतले."

दहा दिवसांनी वही आली. रिफ्कीसाहेबांनी ती दोनदा वाचली. नोकरीतला पहिला लेखी पुरावा! डांबर समुद्रात सोडलं, तारखेसह, अंगठ्यासह, दहा वेळा.

"अहो, पण ते समुद्रातलंच ना!" अवदल्ला म्हणाला. "मी काय घरून नेत होतो?"

"समुद्रात होतं तेव्हा त्याची नोंद नव्हती, काका. नोंद तुम्ही केलीत."

त्याच दुपारी होडीला साखळी घातली. हंगामाचे बारा दिवस बाकी होते.

अवदल्ला धक्क्यावर होडीशेजारी बसून असतो. जाळं कोरड्या वाळूने घासतो, धुवायला बंदी आहे. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. काल त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो. तो म्हणाला, "उस्ताज, एकोणीस वर्षं तुम्ही त्या वह्या वाचताय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी विचारलं, साखर किती घालू.

आता प्रकरण शेवटच्या रकान्याशी अडलं आहे. होडी कायमची जप्त करायला एका त्रयस्थाची सही लागते : 'ज्यास सर्व प्रकार समजला, व ज्याने कोणतीही हरकत घेतली नाही.' परवापर्यंत ती मिळाली नाही तर होडी सोडावी लागेल, असा नियमच आहे. साहेब आणि मी पक्षकार, आमची चालत नाही. धक्क्यावरचे यच्चयावत कोळी हरकत घेऊन बसलेत. आम्ही अगदी हवालदिल झालो होतो.

पण तुम्ही इथवर वाचत आलात. प्रकार सगळा समजला. मधे एकदोनदा हसलातही. काही म्हणायचंय का तुम्हाला?

नाही ना. मग इथे सही करा, फुली आहे तिथे.