तिसऱ्या वर्गाचा रथ

"माणूस मरतो, राज्यं बुडतात, पण लाकूड मरत नाही. ते फक्त घर बदलतं," असं सूर्यनारायणरावांनी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी स्टूल त्यांच्या पायाखालून घर बदलून गेलं.

"खाली आलांत तें बरं झालं," त्यांच्या पत्नी कृष्णवेणीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काप्पी निवते आहे."

स्टूल सूर्यनारायणरावांच्याच हातचं होतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं त्यांचं घर अशाच वस्तूंनी भरलेलं होतं. सर्वे खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढून ते निवृत्त झाले आणि त्यांचा डोळा जगातल्या तमाम टाकाऊ लाकडावर पडला. कपड्यांचं कपाट त्यांनी एका बंद पडलेल्या तंबू-सिनेमाच्या तिकीटखिडकीपासून केलं होतं. त्यात हात घालून धोतर मागताना माणसाला आपण उशिरा आलो असं वाटे. जेवायचे पाट मोडक्या टांग्याचे होते. पाहुणे जेवता जेवता किंचित पुढे सरकत.

त्या वर्षीच्या, म्हणजे अठ्ठावन्न सालच्या वैशाखात त्यांच्या सरोजाचं लग्न ठरलं होतं. मुलगा पापनाशमचा. संबंधी, म्हणजे व्याही, हनुमंतराव मोठे सरळ गृहस्थ, त्यांची काही मागणी नव्हती. मागणी होती ती त्यांच्या मातोश्री वेंकूबाईंची, आणि तीही एकच. लग्नात नवरानवरीला ज्यावर बसवून बायका गाणी म्हणतात तो ऊंजल, म्हणजे झोपाळा, सागाचा हवा, आणि भाड्याचा नको.

"भाड्याच्या ऊंजलावर शंभर जोडपी बसोन गेलेलीं असतात," त्यांनी निरोप धाडला होता. "कोणाकोणाचीं भांडणं त्या फळीत राहोन गेलीं, कोणाला ठाऊक."

"विकत आणा," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.

सूर्यनारायणरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी सरोजाच विकत आणायला सांगितली होती. माझ्या मुलीच्या लग्नातला ऊंजल मी करणार, असं म्हणून ते छत्री घेऊन निघाले आणि दोन तासांनी बैलगाडीच्या पुढे पुढे, मिरवणुकीत चालावं तसे परतले. गाडीत फळी होती. बर्मा साग, सहा फूट लांब, दीड फूट रुंद, आणि असंख्य माणसांनी बसून बसून अशी गुळगुळीत केलेली, की माशी घसरावी. जुन्या सामानाच्या वखारवाल्याने खरं ते सांगितलं होतं: इकडच्याच एका स्टेशनावरच्या तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यातलं बाकडं.

शेजारच्या विशालाक्षी मामी ओट्यावर उभ्याच होत्या. त्या नेहमीच उभ्या असत.

"काय हो मामा, आज कोणाचं घर मोडलं?"

सूर्यनारायणराव उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्यांना आठवलं की मामींची धाकटी बहीण पापनाशमला, वेंकूबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहते. शंभर जोडप्यांची भांडणं ज्यांना चालत नाहीत, त्यांना सगळ्या तिसऱ्या वर्गाची भांडणं कशी चालावीत? पण लाकूड जुनं आहे हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. जुनं, आणि तरीही पवित्र, असं काय असतं?

"रथाचं आहे," ते म्हणाले. "एका खेड्यात देवाचा नवा रथ केला. जुन्याची ही फळी."

"कोण्या खेड्यात?"

"लांब आहे."

मामींनी पायांतल्या चपला काढल्या. सूर्यनारायणरावांना तेव्हा ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीपुढे तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा कोलम घातलेला होता आणि फळीवर जास्वंदीचं फूल होतं. सांबशिव आसारी, त्यांचा नेहमीचा सुतार, कड्या बसवायला आला, त्याने फूल पाहिलं, चौकशी केली, आणि हत्यारांची पिशवी बंद केली.

"देवाच्या अंगाला भोक पाडायचं, तर आधी उपास करायला हवा, सामी."

"किती दिवस?"

"देव मोठा असेल तर तीन. कोणता देव?"

सूर्यनारायणरावांनी लहानात लहान देव आठवून पाहिला. पण तंजावूरसारख्या ठिकाणी कोणाला लहान म्हणण्याची सोय नव्हती. शेवटी तीन दिवसांनी आसारी उपाशी पोटी आला, कापूर लावला, नारळ फोडला आणि चार भोकं पाडली. तोवर सगळी गल्ली जमली होती. ऊंजल पितळी साखळ्यांनी कूडात, म्हणजे मधल्या खोलीत, टांगला गेला तेव्हा तो खरोखरच इतका देखणा दिसला, की सूर्यनारायणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बसायला पुढे झाले. मागून चौदा बायका एकदम "अय्यो" म्हणाल्या. ते उभे राहिले, आणि उभेच राहिले.

मग शुक्रवारी प्रदक्षिणा सुरू झाल्या. ओरत्तनाडूहून एक गृहस्थ मॅट्रिकला दोनदा बसलेल्या पुतण्याला घेऊन आले आणि त्याचं डोकं फळीला तीनदा टेकवून गेले. कोणी साखळीला हळकुंड बांधलं. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून रोज पायलीभर हरभऱ्यांचं सुंडल, म्हणजे फोडणीची उसळ, होऊ लागलं.

"देव तुमी आणलांत," कृष्णवेणीबाई हरभरे निवडत म्हणाल्या, "आणि नैवेद्य मी करावा. दुसरं कांही आणतांना आधीं विचारत चला. तो काय खातो, इतकं तरी."

लग्नाला आठ दिवस उरले, आणि पापनाशमहून पत्र आलं. हनुमंतरावांच्या हातचं, पण बोल वेंकूबाईंचे. देवाच्या आसनावर मुलांना पाय सोडून बसवणं हे पाप आहे. असा ऊंजल ज्या घरात टांगलेला आहे त्या घरात दुसरा टांगणं हा त्याचा अपमान आहे. तेव्हा लग्न पापनाशमलाच करावं हे बरं. शनिवारी समक्ष येऊन बोलतो.

पत्र वाचून सरोजा उठून मागच्या अंगणात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासू लागली. आपल्याच घरी, आपल्याच माणसांत, अप्पांच्या ऊंजलावर बसायचं, हे तिने मैत्रिणींना केव्हाच सांगून टाकलं होतं. भांड्यांचा तो आवाज ऐकून सूर्यनारायणरावांनी ठरवलं, की आता खरं बोलायचं.

खरं बोलणं इतकं कठीण असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी गल्लीवर प्रयोग करून पाहिला.

"मामी, हें रथाचं नाहीं. स्टेशनाचं बाकडं आहे."

"असंच म्हणायचं असतं," विशालाक्षी मामी समजूतदारपणे म्हणाल्या. "ज्याच्या घरीं देव येतो त्याने मिरवूं नये."

शनिवारी हनुमंतराव, त्यांची बायको अंबाबाई आणि वेंकूबाई आले. मामी अर्थातच होत्या. वेंकूबाईंनी ऊंजलाला लांबून नमस्कार केला. सूर्यनारायणरावांनी घसा साफ केला.

"अम्मा, मी खोटं बोललों. तुम्हांला जुनी फळी चालणार नाहीं म्हणोन बोललों. हें तिसऱ्या वर्गाचं बाकडं आहे."

"चार दिवस झाले, असंच म्हणताहेत," मामी वेंकूबाईंच्या कानात म्हणाल्या.

"विनय आहे," वेंकूबाई म्हणाल्या. "चांगल्या घरीं मुलगा देतों आहों."

"विनय नाहीं, पुरावा आहे," सूर्यनारायणराव इरेला पेटले. "रिकामटेकड्या मुसाफिरांनी खालच्या बाजूला चाकूने नांवं कोरलीं आहेत. रथावर कोण नांवं कोरतं? संबंधी, तुमीच वाका. वाचा."

त्यांनी फळीची कड उचलून धरली. हनुमंतराव उकिडवे बसले, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले. एक नाव वाचलं, दुसरं वाचलं. मग ते वाचायचे थांबले. काय झालं म्हणून सूर्यनारायणरावही दुसऱ्या बाजूने वाकले.

मधोमध, तमिळ अक्षरांत, खोल आणि सुबक कोरलं होतं: 'पापनाशम हनुमंतराव – राजम. १९२७.' भोवती वेलबुट्टी होती. घाईचं काम नव्हतं, चांगल्या चार गाड्या चुकवून केलेलं होतं.

फळीखाली दोन संबंध्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हनुमंतराव एकोणीस वर्षांचे असताना पापनाशमहून रोज रेल्वेने कुंभकोणच्या कॉलेजात जात, हे त्यांनी स्वतःच बोलणी करताना अभिमानाने सांगितलं होतं. राजमबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"काय आहे तिथें?" अंबाबाईंनी विचारलं, आणि त्या पुढे झाल्या.

हनुमंतरावांनी संबंध्यांच्या हातून फळी अलगद खाली सोडवली, उठले, अंगवस्त्राने हात पुसले आणि ऊंजलाला दोन्ही हात जोडले.

"रथाचंच आहे," ते म्हणाले. "फार जुनं. खालीं वाकोन पाहूं नये कोणी. दोष लागतो."

"मग मुलांना त्यावर बसवायचं कसं?" वेंकूबाई म्हणाल्या. "मी तेंच म्हणतें आहें."

"अम्मा, लग्नात संबंधी आपल्या मुलाचे पाय विष्णू समजोन धुणार कीं नाहीं?"

"धुणार."

"मग विष्णूने रथावर बसावं, कीं स्टेशनातल्या बाकड्यावर?"

वेंकूबाईंनी विचार केला. त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि मुलगा इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे एवढं शास्त्र कधी बोलला नव्हता. त्यांनी मान डोलावली. लग्न इथेच, ऊंजल हाच. मागच्या अंगणातला भांड्यांचा आवाज थांबला. विशालाक्षी मामी ही बातमी घेऊन गल्लीत गेल्या, आणि कृष्णवेणीबाई सगळ्या बायकांना काप्पीसाठी आत घेऊन गेल्या.

कूडात दोघेच उरले. सूर्यनारायणरावांची छाती फुगली होती. लाकडाच्या अमरत्वावर दोन शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात होतं, तेवढ्यात हनुमंतरावांनी त्यांचा दंड धरून भिंतीकडे नेलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"संबंधी, एक लहान मागणं आहे. मानपान कांही नको. रंधा आहे काय घरीं?"